कॅमेरा गळ्यात, उंची ध्यानात

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. सर एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. रक्तदाबाचा विकार बारा वर्षांचा, पण दोन गोळ्यांवर आटोक्यात. मुलगा अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराजवळ राहतो. त्याच्याकडे दोन महिन्यांसाठी जायचे म्हणून प्रकृतीचा दाखला हवा होता. मी रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख पाहिला, पायांवर सूज नाही याची खात्री केली आणि ‘प्रवासास हरकत नाही’ असे लिहून दिले. दाखला देताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त विमान होते. ‘तिथे पोहोचल्यावर कुठे कुठे जाणार?’ हा साधा प्रश्न मी विचारला नाही.

सर पोहोचले शनिवारी रात्री. मुलाला रजा कमी, म्हणून रविवारी सकाळीच गाडी निघाली ती थेट रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या माथ्यावर. निवृत्तीनंतर घेतलेला कॅमेरा सरांच्या गळ्यात होता. माथ्यावर पोहोचेपर्यंत डोके ठणकू लागले, दोन उलट्या झाल्या, गाडीतून उतरताना तोल गेला. सुदैवाने मंडळी तत्काळ खाली आली आणि दोन-तीन तासांत सर सावरले. पुढे जे झाले ते मला अधिक लागले. घरात ठरून गेले की बाबांनी आता असल्या ठिकाणी जायचे नाही. गेलेच तर गाडीत बसायचे, फोटो इतर काढतील. कॅमेरा कपाटात गेला.

गेल्या वर्षी पुन्हा जाण्याआधी सर आले तेव्हा त्यांनी दाखला मागितला नाही. “डॉक्टर, माझे आता खरेच संपले का?” एवढेच विचारले. त्या दिवशी आम्ही तासभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या तासात जे ठरले ते आज आपल्यापुढे ठेवतो. उन्हाळ्यात मुलांकडे परदेशी जाणारे आईवडील आता गावोगावी आहेत, आणि अशा डोंगरी उद्यानांची सहल बहुतेकांच्या वाट्याला येतेच.

रस्ता कोणता, उंची किती

हे उद्यान १९१५ साली स्थापन झाले. त्यातून जाणारा ‘ट्रेल रिज रोड’ हा एस्टेस पार्क आणि ग्रँड लेक या दोन गावांना जोडणारा सुमारे ७७ किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. त्याचा सर्वोच्च बिंदू ३,७१३ मीटरवर आहे आणि जवळजवळ १८ किलोमीटरचा पट्टा वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे झाड उभेच राहू शकत नाही अशा उघड्या माळावर आहे.

या आकड्यांचा अर्थ आपल्या मापाने समजून घ्या. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. डेन्व्हर शहर सुमारे १,६०९ मीटरवर वसले आहे. म्हणजे विमानतळावर उतरलात की आपण जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर असता. एस्टेस पार्क सुमारे २,३०० मीटरवर आहे, आणि रस्त्याचा माथा कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. पायी चढणाऱ्याला शरीर वाटेत थांबायला लावते. गाडीला दम लागत नाही, म्हणून गाडीतला माणूस फसतो.

जावे की न जावे

वय हा स्वतः अडथळा नाही. आटोक्यातला रक्तदाब किंवा मधुमेह असणारे बहुतेक जण योग्य तयारीने जाऊ शकतात. मात्र अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्यांनी, हृदय अशक्त होऊन पायांवर सूज येणाऱ्यांनी, घरी प्राणवायू लागणाऱ्या फुप्फुसविकाराच्या रुग्णांनी, फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेल्यांनी आणि रक्तक्षय तीव्र असणाऱ्यांनी आपल्या तज्ज्ञाच्या स्पष्ट संमतीशिवाय माथा गाठू नये.

एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. डोळ्याच्या पडद्याच्या काही शस्त्रक्रियांमध्ये डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरेपर्यंत विमानही नको आणि डोंगरही नको; उंचीवर तो फुगून दृष्टीला कायमची इजा करू शकतो. साध्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ही अडचण नसते. आपली शस्त्रक्रिया कोणती होती, हे नेत्रतज्ज्ञांना विचारून घ्या.

चढण टप्प्याटप्प्याने

आमच्या कागदावर पहिली ओळ होती ती झोपेच्या उंचीची. दिवसा किती वर गेलात याइतकेच रात्री कुठे झोपलात याला महत्त्व आहे. म्हणून पहिल्या तीन रात्री मुलाच्या घरी, डेन्व्हरच्या उंचीवर. विमानाचा शीण आणि दिवस-रात्रीची उलथापालथ तेवढ्यात निवळते. मग दोन रात्री एस्टेस पार्कला. डेन्व्हरपासून हे गाव गाडीने सुमारे दीड तासावर आहे. पोहोचल्या दिवशी फक्त विश्रांती आणि गावात फेरफटका. दुसऱ्या दिवशी सकाळी स्प्रेग लेक, दुपारी झोप. तिसऱ्या दिवशी माथ्याचा रस्ता, आणि त्याच संध्याकाळी परत खाली.

माथ्यावर रात्र काढायची नसते ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट. तरीही तिथे दोन-तीन तासांहून अधिक रेंगाळू नये. सकाळी सातला निघून दहाच्या आत वर आणि बारापर्यंत वृक्षरेषेखाली, असे वेळापत्रक ठेवा. उन्हाळ्यात दुपारी या डोंगरांवर गडगडाटी वादळे येतात आणि उघड्या माळावर वीज कोसळण्याचा धोका खरा असतो. ढग काळवंडू लागले की तिपाई मिटून गाडीत बसा. मोटारीचे बंद छत हा तिथला सर्वांत जवळचा आसरा.

आधीची चौकशी मुलांकडून करून घ्या. हा रस्ता बर्फामुळे साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बंद असतो. गेली काही वर्षे गर्दीच्या मोसमात उद्यानात शिरण्यासाठी वेळ ठरवून आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि स्प्रेग लेक ज्या बेअर लेक रस्त्यावर आहे त्यासाठी वेगळ्या प्रकारची नोंदणी असते. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचेच पाहावेत. उद्यानात पेट्रोल मिळत नाही. टाकी गावातच भरा.

औषधांची पिशवी

रोजच्या गोळ्या बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने वाढवूही नका. नव्या उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा चढू शकतो. ते गृहीत धरून निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठेवा. लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर माथ्याच्या दिवशी ती केव्हा घ्यायची हेही विचारा. अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत आणि मग डोकेदुखी उंचीची की तहानेची हे कळत नाही. या रस्त्यावर रेनबो कर्व्ह, रॉक कट, अल्पाइन व्हिजिटर सेंटर आणि मिल्नर पास इथे स्वच्छतागृहे आहेत. काकूंनी ही चार नावे वहीत लिहून घेतली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची निम्मी काळजी उतरली.

उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी असते. ती उपयुक्त आहे, पण सर्वांसाठी नाही. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, इतर चालू औषधे हे सारे पाहूनच डॉक्टर ती देतील. मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. झोपेची गोळी आणि मद्य पहिल्या रात्री टाळा, कारण दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

मधुमेहींनी लक्षात ठेवावे की थंडीत आणि उंचीवर साखर मोजण्याचे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. यंत्र व पट्ट्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. इन्सुलिन गोठूही देऊ नका आणि उन्हात उभ्या गाडीत तापूही देऊ नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बरोबर असेल तर एक सूचना. घरी ९७ दाखवणारे यंत्र माथ्यावर ८५ ते ९० च्या दरम्यान दाखवू शकते. घाबरू नका, आकड्याआधी माणसाकडे पाहा. तो नीट बोलतो का, नीट चालतो का, बसल्या जागी धापतो का, हे अधिक महत्त्वाचे.

प्राणी कुठे, केव्हा, किती अंतरावरून

सरांना हवा होता तो एल्क. आपल्या सांबराची आठवण करून देणारा, पण त्याहून थोराड असा हा हरणवर्गातला प्राणी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा माजाचा काळ. तेव्हा नर खर्जात सुरू होऊन एकदम तार सप्तकात चढणारी साद घालतो. मोरेन पार्क आणि हॉर्सशू पार्क या कुरणांत, भल्या सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास, तो हमखास दिसण्याची शक्यता असते. एस्टेस पार्क गावातही हे कळप निवांत फिरतात. याच सुमारास ॲस्पेनची पाने हळदीसारखी पिवळी होतात. ज्येष्ठांसाठी आनंदाची बाब ही, की कोलोरॅडोतले हे सर्वोत्तम दृश्य माथ्यावर नाही, तर अडीच हजार मीटरच्या आसपास, रस्त्याच्या कडेला आहे.

बिगहॉर्न मेंढे उन्हाळ्याच्या सुरुवातीला हॉर्सशू पार्कमधील शीप लेक्स या पाणथळीवर क्षार चाटायला उतरतात. मूस पाहायचा तर पश्चिमेकडील कवुनीची खोरे. माथ्यावरच्या खडकांत शीळ घालणारे मार्मोट आणि सशाच्या कुळातला, मुठीएवढा, बिनशेपटीचा पिका दिसतो. हिवाळ्यासाठी तोंडात गवत घेऊन लगबगीने धावणारा पिका पाहिला की आपल्याकडची आगोटीची लगबग आठवते.

अंतराचे नियम पाठ करा. एल्क आणि मेंढ्यांपासून किमान २३ मीटर, मूस आणि अस्वलापासून किमान ३६ मीटर. आपल्या चाहुलीने प्राण्याने चरणे थांबवून मान वर केली, तर तेवढे अंतरही कमी आहे असे समजा. माजावरचा एल्क धावून येऊ शकतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला पळता येत नाही. माजाच्या काळात मुख्य कुरणांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत उतरण्यास बंदी असते. रस्त्याच्या कडेनेच पाहायचे. खाऊ घालणे, नकली साद घालून बोलावणे, ड्रोन उडवणे हे सारे निषिद्ध आहे. खारीला शेंगदाणा देण्याचा मोह नातवंडांनाही आवरायला सांगा, ती चावते.

कॅमेरा आणि शरीर

मी छायाचित्रकार नाही. पण छायाचित्र काढताना पडलेले, चक्कर आलेले, मान धरलेले रुग्ण पाहिले आहेत. म्हणून पहिला नियम: पाय हलत असतील तेव्हा कॅमेरा डोळ्याला नाही, आणि कॅमेरा डोळ्याला असेल तेव्हा पाय हलणार नाहीत. ‘अजून थोडे मागे’ म्हणत मागे सरकणारा माणूस दरीच्या कठड्यावर असतो हे त्याला दिसत नाही. दूर-जवळचे एकत्र भिंग असलेला चष्मा दगडांवरून उतरताना फसवतो. तिथे काठी हवी. कॅमेऱ्याखाली लावायची एकपायी काठी मिळते, पण तिच्यावर शरीराचा भार टाकू नका. चालण्याची काठी वेगळी ठेवा.

दुसरा नियम श्वासाचा. फोटो हलू नये म्हणून श्वास रोखण्याची सवय अनेकांना असते. माथ्यावर ती सोडा. रोखलेल्या श्वासाने तिथे क्षणात भोवळ येते. सावकाश श्वास सोडता सोडता बटण दाबा. उकिडवे बसून फुलाचा फोटो घेतला तर उठताना एकदम उठू नका. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अंधारी येते.

हात थरथरत असल्यास वाईट वाटून घेऊ नका, सोय करा. जाड कापडाची एक पिशवी इथूनच शिवून रिकामी न्या, तिथे किलोभर तांदूळ भरा आणि गाडी उभी करून, इंजिन बंद करून, उतरवलेल्या काचेवर ती ठेवा. तिच्यावर टेकवलेला कॅमेरा तिपाईइतकाच स्थिर राहतो आणि गुडघ्यांना त्रास नाही. गाडी स्वतःच उत्तम मचाण आहे. छायाकाल सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून कमी ठेवावा आणि एका दाबात अनेक चित्रे घ्यावीत. दहातले एक स्थिर येतेच. मोबाइलवर चित्रफीत काढून तिच्यातले एक चित्र निवडण्यातही कमीपणा नाही.

वजनाचा मोह टाळा. मोठे भिंग गळ्यात लटकवून दिवसभर फिरले की मानेच्या मणक्यांचे दुखणे उफाळते. खांद्यावरून तिरपा पट्टा घ्या आणि एकच बदलत्या लांबीचे भिंग न्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते, त्यातून वारा असतो. सप्टेंबरच्या सकाळी माथ्यावर कानटोपी, हातमोजे आणि दोन थर लोकरीचे हवेतच. उलट उन्हातील अतिनील किरण उंचीबरोबर वाढतात, म्हणून गडद चष्मा आणि टोपीही हवी.

ज्यांना चालणे कठीण आहे त्यांच्यासाठी स्प्रेग लेकचे नाव अधोरेखित करा. तळ्याभोवती साधारण एक किलोमीटरहून कमी, सपाट, चाकाच्या खुर्चीला योग्य अशी वाट आहे. पहाटे वारा पडलेला असताना समोरच्या पर्वतरांगेचे प्रतिबिंब पाण्यात उतरते. बाकावर बसून ते टिपता येते.

बरोबरच्यांसाठी दोन शब्द

मुलांनो, सुनांनो, जावयांनो, गाडी चालवणाऱ्याने फक्त गाडी चालवावी. प्राणी शोधणे हे मागच्या बाकाचे काम. गाडी मधेच रस्त्यावर न थांबवता ठरलेल्या थांब्यावर उभी करा. दर दीड-दोन तासांनी ज्येष्ठांना उतरवून पाच मिनिटे चालवा. बसून बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो. माथ्यावर मोबाइलला बहुधा संपर्क मिळत नाही; नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि औषधांची यादी कागदावर लिहून वडिलांच्या खिशात ठेवा. प्रवास विमा काढताना जुने आजार न लपवता लिहा.

‘इंटरनेटवर याहून चांगले फोटो आहेत, बाबा’ हे वाक्य कृपया उच्चारू नका. फोटो जगाकडे आहेतच. बाबांना स्वतः पाहायचे असते.

आणि धोक्याच्या खुणा पाठ करा. नुसती डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे म्हणजे इशारा: आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप, सतत खोकला, असंबद्ध बोलणे, दारू प्यायल्यासारखी चाल किंवा छातीत दुखणे म्हणजे संकट: त्याच क्षणी खाली उतरायचे आणि वैद्यकीय मदत घ्यायची. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात नेहमीपेक्षा वाढलेला गोंधळ ‘त्यांचे असेच असते’ म्हणून सोडू नका. एक बारकावा ध्यानात ठेवा. अल्पाइन व्हिजिटर सेंटर ३,५९५ मीटरवर आहे. तिथून पूर्वेला, एस्टेस पार्ककडे परतताना रस्ता आधी आणखी थोडा चढतो. पश्चिमेला मात्र लगेच उतरू लागतो. त्रास झाला तर कोणत्या बाजूने उतरायचे हे तिथल्या रेंजरला विचारून क्षणात ठरवा. मदतीचा क्रमांक ९११.

सरांचा तिसरा दिवस

गेल्या सप्टेंबरात सर ठरल्याप्रमाणे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी मेनी पार्क्स कर्व्हच्या पुढे, रेनबो कर्व्हपर्यंत म्हणजे साधारण ३,३०० मीटरपर्यंत चढली. तिथे सरांचे डोके दुखू लागले. तीव्र नव्हते. मुलगा म्हणाला, “बाबा, अजून थोडेच उरले आहे, बघा जमते का.” सरांनी खिशातला आमचा कागद काढला, वाचला आणि म्हणाले, “परत वळव.” माथा याही वेळी झाला नाही.

त्या संध्याकाळी मोरेन पार्कच्या कडेला, काचेवर तांदळाची पिशवी ठेवून, ब्लँकेट पांघरून सर दीड तास बसले. त्यांनी पाठवलेल्या चित्रात एल्क लांब आहे, उजेड थोडा आहे आणि शिंगांची टोके किंचित हललेली आहेत. त्याच्या तोंडातून निघालेली थंड हवेतली वाफ मात्र स्पष्ट दिसते. काकूंनी काढलेले दुसरे चित्र पाठमोऱ्या सरांचे आहे. दोन्ही चित्रे माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. प्रवासाचा दाखला मागायला कोणी आले की माझी नजर तिकडे जाते, आणि आता मी आधी विचारतो: “तिथे जाऊन काय काय पाहायचे ठरवले आहे?”

आपल्या डॉक्टरांनी हे विचारले नाही, तर आपण होऊन सांगा.